अजिंक्यताऱ्याची रोजची चढण आणि घरातलं वेळापत्रक

पहाटे सव्वापाचचा गजर वाजला की मला आजही उठावंसं वाटत नाही. हे आधीच सांगते, कारण साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर रोज जाणाऱ्या बायका बघून बऱ्याच जणींना वाटतं की ह्यांना मुळातच आवड असणार, आणि आपल्याला तसं आतून काही वाटत नाही म्हणजे आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी परवा अगदी हेच म्हणाली, मॅडम तुम्हाला मोटिव्हेशन कुठनं येतं हो, मी चार दिवस जाते आणि पाचव्या दिवशी सगळं संपतं. तिला तोंडी जे सांगितलं ते सविस्तर लिहावं असं वाटलं म्हणून बसले. माझं म्हणणं एवढंच आहे की उठताना उत्साह नसतोच, तो चढणीचं पहिलं वळण ओलांडल्यावर येतो, आणि त्या वळणापर्यंत आपल्याला नेऊन सोडेल अशी सोय घरात आणि गल्लीत लावावी लागते. मनाला समजावत बसून ते होत नाही.

मी लग्न होऊन साताऱ्यात आले, आम्ही समर्थ मंदिराच्या बाजूला राहतो. वय सत्तेचाळीस, एका पतसंस्थेत नोकरी, दिवसभर खुर्चीत बसून काम. घरात सासूबाई, नवरा आणि मुलगा. माझ्या आईला डायबेटिस होता, मामांना होता, मोठ्या बहिणीला तर चाळिशीतच निघाला, त्यामुळे आपल्यालाही कधीतरी होणार हे मी धरूनच चालले होते. मग एका चेकअपमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ६.१ आली. ५.७ च्या खाली असली तर नॉर्मल, ६.५ ला पोचली की डायबेटिस, आणि मी बरोबर मधे. डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी देत नाही, आत्ता चालायला लागा, आणि नुसतं भाजी आणायला गेल्यासारखं नाही, आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं असं चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. ही खूण मला फार पटली, हातात घड्याळ नको, मोबाईलवर अ‍ॅप नको, शेजारच्या बाईशी बोलता बोलता दम लागतोय ना, बास.

आता रिपोर्टची भीती ही सुरुवातीला कामाला येते, खोटं कशाला बोलू. पण भीतीवर पंधरा-वीस दिवस निघतात, फार फार तर महिना. साखर दुखत नाही, खुपत नाही, आरशात दिसत नाही, मग ती हळूहळू डोक्यातून मागे जाते आणि समोर डबा, ऑफिसची वेळ आणि मुलाचा क्लास एवढंच उरतं. मी बहिणीचं बघितलं होतं ना, तिला तर भीती घालायला मोठा आजारच होता, तरी दर वेळी रिपोर्ट आला की महिनाभर चालणं आणि मग बंद. त्यामुळे घाबरून सुरू केलेलं पुढे दुसऱ्या कशाच्या तरी आधारावर न्यावं लागणार हे मला दिसत होतं.

आधी जिम लावली. जिम चांगलीच होती, मशिनं नवीन, शिकवणारी मुलगी गुणी, पण बायकांची बॅच सकाळी सात ते आठ, आणि सात ते आठ म्हणजे आमच्या घरात दोन डबे, एक नाश्ता, सासूबाईंचा चहा, गोळ्या आणि नळाला पाणी. दुसरी बॅच दुपारी चारला, तेव्हा मी ऑफिसात. वर्षाची फी भरली की माणूस आपोआप जातो असं जे सगळे सांगतात ते तासच रिकामा नसेल तर लागू पडत नाही. पैशानं तास तयार होत नाही.

आणि इथेच मला वाटतं सगळं अडलेलं असतं, निदान आमच्यासारख्या बायकांचं तरी. आपण म्हणतो आळस आहे, इच्छाशक्ती नाही, आणि स्वतःलाच बोल लावतो. पण पहाटेचा तास बाईचा नसतोच, तो घराचा असतो. माझा भाऊ फलटणला असतो, तो पहाटे उठून पळायला जातो आणि आल्यावर त्याला चहा हातात मिळतो. त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त इच्छाशक्ती आहे असं मी मानत नाही, त्याचा तास त्याच्या बायकोनं सांभाळलेला आहे. म्हणून मी ठरवलं की स्वतःला सुधारत बसण्याऐवजी आधी हा तास सोडवून घ्यायचा.

एका रविवारी संध्याकाळी चहा झाल्यावर मी सगळ्यांना बसवलं आणि कागदावर लिहूनच काढलं, सव्वापाच ते आठ ह्या वेळात घरात काय काय होतं आणि कोण करतं. लिहिल्यावर नवऱ्यानं स्वतःच तो कागद दोनदा वाचला. आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं आणि ते सकाळीच येतं, पिण्याचं भरायचं, टाकीचा कॉक बघायचा, दोन बादल्या बाजूला काढायच्या, हे एवढ्या वर्षांत मीच केलेलं. तो म्हणाला पाणी माझ्याकडे. मुलगा म्हणाला दूध मी तापवतो, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा उतू गेलं तरी मी ओटा पुसायला गेले नाही, त्यानंच पुसला. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, भाजी रात्रीच चिरलेली. राहिला सासूबाईंचा चहा. मला वाटलं होतं आई काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी काय चहा कराया इसरले व्हय? तू जा की, तुझा पण करून ठेवते." तो चहा आजही मी आल्यावर ओट्यावर झाकून ठेवलेला असतो, गार झालेला असला तरी मी तो तसाच पिते.

ही वाटणी एका दिवसात बसली नाही. मधे मधे गाडी पूर्वपदावर जायची, कुणाची नाईट शिफ्ट, कुणाची परीक्षा, आणि मग आपोआप सगळं परत माझ्याकडे सरकायचं. तेव्हा मी भांडले नाही, पण कामही उचललं नाही. पाणी भरायचं राहिलं तर राहिलं, दुपारी सगळ्यांनी मिळून काढलं काय ते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा अंथरुणावरचं माणूस आहे त्यांना हे एवढं सोपं नाही हे मला कळतं. त्यांनी पहाटच कशाला धरायची, दुपारी मूल झोपल्यावर घरातल्या घरात वीस मिनिटं व्यायाम केला तरी शरीराला तो तेवढाच चालतो. वेळ कुठलाही असू दे, तो घरात जाहीर झालेला पाहिजे एवढं मात्र नक्की. आपण मनातल्या मनात ठरवलेला तास दुसऱ्या कुणाला माहीतच नसतो, तो कुणीही घेऊन जातं.

आता प्रत्यक्ष चालण्याचं. आमच्याकडून निघालं की अदालत वाड्याच्या बाजूनं किल्ल्याचा रस्ता लागतो, डांबरी आहे, वळणं घेत थेट दरवाजापर्यंत जातो, आणि चढण पहिल्यापासूनच आहे, सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला ती चांगलीच जाणवते. मी सुरुवातीला वर जायचं ठरवलंच नव्हतं. फक्त पहिल्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, जाऊन येऊन पंधरा-वीस मिनिटं. नवरा म्हणाला एवढ्यासाठी एवढं पहाटे उठायचं? हो, एवढ्यासाठीच. कारण ज्या दिवशी अंगात काहीच नाही, रात्री झोप झालेली नाही, पाळीचा दुसरा दिवस आहे, त्या दिवशी सुद्धा पहिलं वळण नको म्हणता येत नाही. आणि तिथे पोचल्यावर बहुतेक वेळा वाटतं की आलोच आहोत तर अजून थोडं. नाही वाटलं तर खाली. पहिला महिनाभर मी बऱ्याचदा तिथूनच परत फिरले आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही, कारण उठणं, बूट घालणं, दाराला कडी लावून बाहेर पडणं ह्याचाच सराव चालला होता.

बूटांवरून आठवलं, बूट मात्र चांगले घ्या. चपलेवर उतरताना अंगठा पुढे घासतो आणि गुडघ्याला त्रास होतो, चढताना कळत नाही, उतरताना कळतं. फार महाग नकोत, पण मागची टाच घट्ट धरणारे आणि तळ न घसरणारे हवेत. आणि कपडे रात्रीच खुर्चीवर काढून ठेवायचे, मोजे बुटात खुपसून ठेवायचे. अंधारात कपाट उघडून ओढणी शोधायला लागलं की तिथेच पाच मिनिटं जातात आणि त्या पाच मिनिटांत मन परत गादीकडे वळतं.

एकटी जायचे तेव्हा गल्लीतली कुत्री आणि बघणाऱ्यांच्या नजरा ह्या दोन्हींचा त्रास झाला. मग कोपऱ्यावर बाई भेटल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, आम्ही सगळ्या त्यांना बाईच म्हणतो, वय पासष्टच्या पुढे. त्या रोज पावणेसहाला मंदिराजवळ उभ्या असायच्या. एकदा म्हणाल्या, उद्या येणार आहेस ना, मग मी थांबते. एवढंच. त्या थांबणार म्हटल्यावर मला न जाणं अवघड झालं, कारण अंधारात एक वयस्कर बाई माझ्यासाठी उभी आहे आणि मी पांघरूण घेऊन पडलीये हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. स्वतःला दिलेला शब्द आपण सहज मोडतो, दुसरं माणूस रस्त्यावर उभं असलं की मोडत नाही. नंतर अजून काही जणी आल्या, एक शिलाईकाम करणारी, एक नर्स, तिची ड्युटी बदलती त्यामुळे आठवड्यातून काही दिवसच, एक कॉलेजातली मुलगी. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे पण त्यावर फक्त एकच शब्द टाकायचा, निघाले. येणार नसेल तर "आज नाही". कारण द्यायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. हा नियम बाईंचा. त्या म्हणतात, कारण द्यावं लागलं की माणूस दोन दिवस लाजतो आणि लाजेपायी तिसऱ्या दिवशीही येत नाही. मला हा फार मोठा शहाणपणा वाटतो, शाळेत इतकी वर्षं गैरहजर पोरं हाताळलेल्या बाईलाच तो सुचू शकतो.

मधे एकदा बिबट्याच्या बातम्या आल्या. अजिंक्यताऱ्याच्या परिसरात बिबट्या दिसतो हे साताऱ्यात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या वेळी सलग चर्चा झाली आणि घरचे सगळे नको म्हणायला लागले, आणि ते बरोबरच होतं. आम्ही काय केलं, किल्ल्याचा रस्ता सोडला पण वेळ सोडली नाही. तीच वेळ, तेच कोपऱ्यावर भेटणं, फक्त चालायचं गावातून, राजवाड्याकडे जाऊन परत. पुढे उजाडल्याशिवाय आणि पाच-सहा जणींशिवाय वर जायचं नाही असं ठरवून पुन्हा किल्ला धरला. जागा बदलली तरी चालते, वेळ हलली की सगळं विस्कटतं, हे मला तेव्हा समजलं.

माझी भाची पुण्यात सायकॉलॉजी शिकते. तिला मी म्हटलं की एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात, मला तर महिना उलटून गेला तरी रोज जिवावर येतंय. ती म्हणाली, मावशी, एकवीस दिवसांना तसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, तो २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण तेही सरासरीच, कुणाचं १८ दिवसांत झालं तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. आणि पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडते, व्यायाम सावकाश. आणि एखादा दिवस चुकला तर त्यानं मोठं काही बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. मला हे ऐकून इतकं हलकं वाटलं! कारण एकवीस दिवसांनी जादू झाली नाही की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं आणि नेमकं तिथेच लोक सोडतात. हा आकडा सगळीकडे इतका फिरतो, त्यानं किती जणांना घरी बसवलं असेल.

मग आला पाऊस. साताऱ्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. यवतेश्वरच्या बाजूनं ढग येतात आणि किल्ला दिवसेंदिवस दिसत नाही, रस्त्यावर शेवाळ, छत्री उलटी होते, रेनकोटात घाम येतो. जून संपता संपता आमच्यातल्या निम्म्या थांबल्या. मी घरातच काहीतरी करायचं म्हणून मोबाईलवर व्हिडिओ लावून बघत होते, तर आई आल्या आणि म्हणाल्या, "हे काय नाचतीस? नमस्कार घाल की."

सासूबाईंचं माहेर औंधाजवळचं, खटाव तालुक्यातलं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांना बाळासाहेब म्हणायचे, त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता, स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांना घालायला लावायचे. आईंचे वडील अशाच एका शाळेत शिकलेले. त्यांनी म्हातारपणापर्यंत नमस्कार सोडले नाहीत आणि त्यांच्या मुलींनाही अंगणात उभं करून शिकवले, त्या काळात मुलींना. आई आता चौऱ्याहत्तरच्या, गुडघे गेलेत, त्यांना वाकता येत नाही. पण त्या खुर्चीत बसून मला दुरुस्त करायच्या. हात जमिनीवर टेकले की पुन्हा उचलायचे नाहीत, पाय मागे नेताना ढुंगण वर राहता कामा नये, कोपरं अंगाला लावून खाली जायचं, कपाळ टेकवायचं, श्वास कुठे सोडायचा कुठे घ्यायचा. मी आकडे मोजायला लागले तर म्हणाल्या, आकडे नको, नावं घे. ओम मित्राय नमः, ओम रवये नमः, ओम सूर्याय नमः, असं भास्कराय नमः पर्यंत बारा नावं, एक नाव एक नमस्कार. त्या मोठ्यानं नाव घ्यायच्या आणि मी घालायचे. आकडे मोजताना मी कधी संपतंय ह्याची वाट बघायचे, नावं असली की पुढचं नाव कोणतं ह्यात लक्ष राहतं. पहिल्या पहिल्यांदा बाराला मी जमिनीवरच बसून राहिले, दंड थरथरत होते. पावसाळा संपेपर्यंत बाराच्या दोन फेऱ्या व्हायला लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईंच्या वडिलांबद्दल, त्या अंगणाबद्दल, यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या त्या लहानपणी कशा पळत चढायच्या त्याबद्दल मी पहिल्यांदा त्या पावसाळ्यात ऐकलं. सकाळचा तो अर्धा तास आमच्या दोघींचा झाला. आता पाऊस नसला तरी मंगळवारी आणि शुक्रवारी मी किल्ल्यावर जात नाही, घरी नमस्कारच घालते, आणि आई नावं घेतात.

आणि ते शरीरालाही हवंच होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की चाळिशीनंतर बायकांचे स्नायू हळूहळू कमी होत जातात, पाळी जायच्या आसपास हाडंही ठिसूळ व्हायला लागतात, त्यामुळे नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम पाहिजे. माझी आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती पूर्वीसारखी उभी राहिलीच नाही. ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, पाच लिटरचे दोन कॅन भरून उचलणं, हे सगळं मी नमस्कारांना जोडून करते. साखरेचा संबंधही स्नायूंशीच आहे. आपण चालतो, चढतो तेव्हा मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्या वेळी त्यांना इन्शुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही, म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं जरी चाललं तरी साखर एकदम चढत नाही. रात्री जेवण झालं की आम्ही दोघं आता गल्लीत फेऱ्या मारतो. हे सगळ्यात सोपं आहे, ज्यांना दुसरं काही शक्य नाही त्यांनी एवढं तरी करा, खरंच करा.

खंड पडण्याबद्दल लिहिलंच पाहिजे कारण खंड पडतोच. गौरी-गणपती आले, पुतणीचं लग्न झालं, मुलाची बारावी होती, मला व्हायरल ताप आला आणि तीन आठवडे जिना चढवेना. प्रत्येक वेळी परत सुरू करणं हे पहिल्यांदा सुरू करण्यापेक्षा जड गेलं, कारण तोपर्यंत मी दरवाजापर्यंत सहज जायला लागले होते आणि तापानंतर पहिल्याच वळणाला छाती भरून आली. तिथे बाई म्हणाल्या, चल आज इथूनच फिरू, आणि त्या स्वतः माझ्याबरोबर खाली आल्या, त्यांचा वर जायचा दिवस सोडून. खंडानंतर पहिला आठवडा फक्त पहिलं वळण, हा आता आमच्यात नियमच आहे, ताप असो नाहीतर दिवाळी. बुडालेलं भरून काढायचं म्हणून पहिल्याच दिवशी वरपर्यंत जायचं नाही. एकीनं तसं केलं, पोटऱ्या धरल्या, आणि ती परत महिनाभर आली नाही.

वरचं काय सांगू. दरवाजातून आत गेलं की उजव्या हाताला मारुतीचं देऊळ आहे, तिथे टेकायचं, घाम पुसायचा. वेळ असला तर मंगळाईच्या देवळापर्यंत. हवा स्वच्छ असली की एका बाजूला यवतेश्वरचं पठार, सज्जनगड, दुसरीकडे जरंड्याचा डोंगर, लांबवर चंदन-वंदनचे किल्ले, आणि खाली सगळं सातारा, त्यात आपलं घर शोधायचं. थंडीत मोरांचा आवाज येतो, कधी कधी रस्त्यातच आडवा जातो. पण रोज रोज देखावा बघायला माणूस जात नाही हेही खरं, सहाव्या-सातव्या दिवशी देखावा ओळखीचा होतो. मला खेचून नेतात त्या उतरतानाच्या गप्पा. चढताना दम असतो, उतरताना बोलणं सुरू होतं, आणि त्या अर्ध्या तासात मी कुणाची सून नसते, कुणाची क्लार्क नसते. शिलाईवालीनं तिच्या दुकानाच्या जागेचं पहिल्यांदा आम्हालाच सांगितलं. नर्सनं आम्हाला बीपी कसं बघायचं ते शिकवलं.

आमच्यातली कॉलेजातली मुलगी पळते. २०१२ पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरच्या घाटातून वर जाऊन परत, २१ किलोमीटर, तिला ती करायची आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, आपल्याच जिल्ह्यातली, ती २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली आणि दहावी आली, तेव्हा ही पोरगी प्राथमिक शाळेत होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात पळणं बसलंय. तिला ते पुरतं, तिचं वयच तसं आहे. मला ललिताचा अभिमान आहे, ती रेस बघताना अंगावर काटा आला होता, पण त्यानं मी उठून चालायला लागले नव्हते. मोठ्या माणसांकडे बघून आपण खुर्चीत ताठ बसतो, खुर्चीतून उठवायला शेजारची बाई लागते.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ६.१ चं ५.८ झालं होतं, आणि नंतरच्या वेळी ५.७. अजून पूर्ण खाली नाही, डॉक्टर म्हणाले आहे असंच चालू ठेवा. वजन फार उतरलं नाही, दोन-तीन किलो, आणि ज्यांनी वजनासाठीच सुरू केलं त्या आमच्यातल्या दोघी नेमक्या ह्याच कारणानं नाराज होऊन गळाल्या. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण काट्यावर दिसायच्या आधी किती गोष्टी बदलतात. मला झोप लागायला लागली. दुपारी तीनला ऑफिसात डोळे मिटायचे ते थांबलं. एसटीत चढताना दांडा धरून स्वतःला ओढून घ्यावं लागायचं, आता लागत नाही. नवऱ्याच्या मते मी कमी चिडते. काट्यावर दर रविवारी उभं राहण्याऐवजी ह्या गोष्टी वहीत लिहून ठेवा, मला तरी त्यांनीच टिकवून धरलं.

ऑफिसातली ती मुलगी सोमवारपासून येणार म्हणाली आहे. ती गोडोलीला राहते, तिला आमचा कोपरा लांब पडतो, म्हणून तिच्या बिल्डिंगमधली एखादी जोडीदारीण शोध असं मी तिला सांगितलंय, आणि नाही सापडली तर पहिले काही दिवस मी पावणेसहाला तिला फोन करणार आहे. साताऱ्यातल्या आणखी कुणाला यायचं असेल तर समर्थ मंदिराजवळ आम्ही भेटतो, थंडीत उजाडायला लागल्यावर, एरवी पावणेसहाला. बॅटरी आणा, पाण्याची छोटी बाटली आणा, साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या आणि खिशात दोन बिस्किटं ठेवा. मंगळवारी आणि शुक्रवारी मी नसते, पण बाई असतात.